जुन्या वेलींची राखण

शिराझ हे गाव मी पाहिलेले नाही, पण ते मला लहानपणापासून ओळखीचे आहे. हाफिज शिराझचा, सादी शिराझचा. आमच्या घरात फारसी कुणालाच येत नव्हती. तरी वडिलांच्या तोंडी ही नावे असायची आणि त्यांच्याबरोबर एक गोष्टही असायची. गुलबर्ग्याच्या बहामनी सुलतानाने हाफिजला दख्खनला येण्याचे आमंत्रण धाडले. हाफिज निघाला, होर्मुझच्या बंदरापर्यंत आला आणि वादळी समुद्राचे रूप पाहून मागे फिरला. सुलतानाला त्याने स्वतःऐवजी एक गझल पाठवून दिली. फरिश्ताने आपल्या इतिहासात ही हकिकत लिहून ठेवली आहे. दख्खन आणि शिराझ यांची भेट अशी थोडक्यात हुकली.

म्हणूनच २०१९ च्या मार्च महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरात एका दुकानाच्या फळीवर मांडलेल्या बाटल्यांवर ओळीने ‘शिराझ’, ‘शिराझ’ असे छापलेले दिसले तेव्हा मी थबकलो. माझा भाचा नोकरीनिमित्त तिथे राहतो. तो हसून म्हणाला, “मामू, ते हाफिजचं गाव नव्हे. द्राक्षाची जात आहे. इथली सगळ्यात प्रसिद्ध वाईन हिचीच होते. चला, शनिवारी तुम्हाला बागा दाखवतो.”

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. मी घेत नाही, आजवर कधी घेतलेली नाही. मग वाईनवर बोलायचा तुम्हाला काय अधिकार, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण मी द्राक्षांच्या मुलुखातला, तासगाव तालुक्यातला. वडील दुसऱ्यांच्या बागांत छाटणीला जात. पुढे त्यांनी अर्धा एकर स्वतःची बाग उभी केली. पेल्यातले मला कळत नाही. वेलीचे थोडेफार कळते. आणि ऑस्ट्रेलियात मला जे सापडले ते पेल्यात नव्हते, वेलीच्या खोडात होते.

आधी शिराझचे कोडे सोडवू. ही जात इराणातून युरोपात आली अशी दंतकथा फार दिवस चालत होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी वेलींची जनुकीय तपासणी केली तेव्हा कळले की तिचे आईबाप दोन्ही आग्नेय फ्रान्समधल्या साध्यासुध्या जाती आहेत, दुरेझा आणि मोंद्यूझ ब्लांश. फ्रान्समध्ये तिला ‘सिरा’ म्हणतात. ऑस्ट्रेलियात पोचेपर्यंत नावाचा उच्चार बदलत गेला आणि शिराझ झाला. म्हणजे हाफिजच्या गावाशी तिचा संबंध फक्त नावापुरता. मला क्षणभर वाईट वाटले, खोटे कशाला बोलू!

ऑस्ट्रेलियात मुळात द्राक्षवेल नव्हती. जानेवारी १७८८ मध्ये कॅप्टन आर्थर फिलिप कैद्यांसह अकरा जहाजे घेऊन सिडनीच्या किनाऱ्याला लागला. वाटेत रिओ दि जानेरो आणि केप ऑफ गुड होप येथे त्याने द्राक्षाच्या काड्या घेतल्या होत्या. त्या किनाऱ्यालगत लावल्या. दमट, उष्ण हवेत त्या टिकल्या नाहीत. मग १८०० च्या सुमारास इंग्लंडहून दोन फ्रेंच युद्धकैदी पाठवण्यात आले. फ्रेंच आहेत म्हणजे त्यांना वाईन करता येणारच, असा सरकारचा हिशेब. त्यांना ती काही साधली नाही.

१८०३ साली सिडनीत पहिले वर्तमानपत्र निघाले. त्याच्या पहिल्याच अंकात द्राक्षबाग कशी लावावी यावर लेख होता. लेख फ्रेंचवरून भाषांतरित केलेला. भाषांतर करणाऱ्याने शब्द बदलले, महिने बदलले नाहीत! युरोपात जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे हिवाळा, छाटणीचे दिवस. सिडनीत तेच महिने म्हणजे भर उन्हाळा, घड भरण्याचे दिवस. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणी पंधरा दिवस मागेपुढे झाली तरी बागायतदाराचा जीव वरखाली होतो. इथे तर सहा महिन्यांची चूक. भाषांतरात ऋतूही बदलावे लागतात, हा धडा मी तेव्हापासून मनाशी जपला आहे.

हळूहळू जमत गेले. ब्ल्यू माउंटन्सचा डोंगर ओलांडण्याबद्दल ज्याचे नाव घेतले जाते त्या ग्रेगरी ब्लॅक्सलंडने सिडनीजवळ केलेली वाईन लंडनला पाठवली आणि १८२३ मध्ये तिला रौप्यपदक मिळाले. पण खरी पेरणी केली ती जेम्स बस्बी नावाच्या तरुण स्कॉटिश माणसाने. १८३१ मध्ये तो स्पेन आणि फ्रान्समधून काही महिने हिंडला. बागाबागांतून, वनस्पती उद्यानांतून त्याने शेकडो जातींच्या काड्या गोळा केल्या आणि जहाजाने सिडनीला धाडल्या. त्यांतल्या साडेतीनशेहून अधिक जगल्या व सरकारी बागेत लावल्या गेल्या. ती बाग पुढे दुर्लक्षाने मोडली. पण तोवर तिच्यातल्या काड्या हंटर खोऱ्यात आणि इतरत्र पोचल्या होत्या. बस्बी स्वतः न्यूझीलंडला गेला. तिथल्या माओरी लोकांशी १८४० मध्ये झालेल्या वैतांगीच्या प्रसिद्ध तहाचा मसुदा करण्यात त्याचा हात होता. काडी लावणारा निघून जातो, वेल राहते.

हा झाला पूर्वेकडचा भाग. माझ्या भाच्याने मला नेले ते दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यात. अ‍ॅडलेडपासून मोटारीने तासाभराचा रस्ता. दुतर्फा वाळलेले पिवळे गवत, निलगिरीची झाडे, आणि मग एकाएकी हिरव्या ओळी सुरू होतात. ही भूमी मुळात पेरामांक, नगाजुरी आणि गौर्ना या आदिवासींची. त्यांना कुणी विचारले नाही. गोऱ्या मोजणी अधिकाऱ्याने १८३७ मध्ये एका स्पॅनिश रणभूमीचे नाव या डोंगरांना दिले, आणि लिहिताना तेही चुकले. ‘बरोसा’ हे त्या चुकलेल्या स्पेलिंगचेच नाव आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत १८३६ ची. इथे कैदी आणले नाहीत. स्वखुशीने येणारी माणसे आणायची असे ठरले होते. तेव्हा प्रशियात एक वेगळाच तंटा चालू होता. राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने आपल्या राज्यातले दोन प्रॉटेस्टंट पंथ एकत्र करून सर्वांना एकच प्रार्थनाविधी लावून दिला. सायलेशिया आणि आसपासच्या काही लुथरन खेडुतांनी तो मानला नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की आम्ही बापजाद्यांसारखी प्रार्थना करू. त्यांच्या पाद्र्यांना तुरुंगात टाकण्यात आले. तेव्हा ऑगस्ट कावेल नावाचा पाद्री लंडनला गेला, जॉर्ज फाइफ अँगस या धनिकाला भेटला आणि त्याच्या पैशांवर १८३८ मध्ये ही माणसे जहाजात बसली. अ‍ॅडलेडजवळ त्यांनी आपल्या जुन्या गावाच्या नावाने क्लेमझिग वसवले. पुढे हानडॉर्फ झाले. ज्याने त्यांना सांभाळून आणले त्या जहाजाच्या कप्तानाचे नाव त्यांनी गावाला दिले. १८४२ मध्ये बरोसा खोऱ्यात बेथनी उभे राहिले.

बेथनी अजूनही तसेच आहे. एका रस्त्याच्या कडेला घरे, प्रत्येक घरामागे ओढ्यापर्यंत गेलेली जमिनीची लांबलचक पट्टी. ही माणसे काही वाईनचे कारागीर नव्हती. गहू, बटाटे, फळझाडे, कोंबड्या आणि त्यांतच घरापुरती द्राक्षे. पण जमीन मानवली. १८४३ मध्ये ख्रिस्तियान आउरिख्ट याने लांगमाइल वस्तीत शिराझ लावली. योहान ग्राम्पने १८४७ मध्ये जेकब्स क्रीक या ओढ्याकाठी वेली लावल्या. सॅम्युएल स्मिथ हा इंग्रज, त्याने १८४९ मध्ये यालुंबाची सुरुवात केली. योसेफ सेपेल्टने १८५१ मध्ये सेपेल्ट्सफिल्डला जमीन घेतली. अ‍ॅडलेडच्या वेशीवर मॅगिल येथे डॉक्टर ख्रिस्तोफर पेनफोल्ड १८४४ पासून आपल्या अशक्त रोग्यांसाठी वाईन करत होता. बाग आणि कारखाना खरा पाहिला तो त्याच्या बायकोने, मेरीने.

आउरिख्टच्या वेली अजून आहेत. पावणेदोनशे वर्षांच्या. फळ देतात. जगातल्या सर्वांत जुन्या शिराझ वेलींमध्ये त्यांची गणना होते. आणि गंमत अशी की ज्या फ्रान्समधून ही जात आली, तिथे एवढी जुनी शिराझ शोधून सापडणे मुश्कील. याचे कारण एक किडा आहे.

फायलोक्झेरा हा मुळांवर जगणारा अतिसूक्ष्म मावा. १८६० च्या दशकात तो अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर फ्रान्समध्ये शिरला आणि पंचवीस-तीस वर्षांत त्याने युरोपातल्या बहुतेक बागा झोपवल्या. शेवटी अमेरिकन वेलीच्या मुळांवर युरोपीय काडीचे कलम करणे हाच उपाय ठरला. आपल्याकडेही आता डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात, पण ते पाण्याच्या आणि क्षारांच्या कारणासाठी. युरोपात ते जीव वाचवण्यासाठी होते. १८७७ मध्ये हाच मावा ऑस्ट्रेलियात जिलाँगजवळ सापडला. तिथल्या बागा सरकारने उपटून टाकल्या, तरी तो व्हिक्टोरिया प्रांतात पसरलाच. तेव्हा शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८९९ मध्ये कायदा केला, बागायतदारांकडून पट्टी घेऊन मंडळ नेमले आणि बाहेरच्या वेलींना दार बंद केले. मावा आजतागायत तिथे शिरलेला नाही. म्हणून बरोसातल्या म्हाताऱ्या वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत.

आम्ही गेलो त्या बागेच्या फाटकाशी एक उथळ पाट ठेवला होता, क्लोरीनच्या पाण्याचा. आत जाणाऱ्याने बुटांचे तळवे त्यात मिनिटभर बुडवायचे. देवळात, मशिदीत आपण जोडे बाहेर काढतो. इथे जोड्यांसकट शुचिर्भूत व्हायचे. बागेचा मालक सत्तरीचा, रापलेला माणूस. त्याच्या खापरपणजोबांनी लावलेला तो तुकडा. मांडव नाही, तारा नाहीत. कंबरेएवढी, पिळवटलेली काळी खोडे एकेकटी उभी. एकेका खोडाला कवेत घ्यायला दोन हात लागावेत. आपल्याकडे पंधरा-वीस वर्षे झाली की बाग म्हातारी झाली म्हणतात. मी खोडावर हात ठेवला आणि काही बोललो नाही. घड लहान, मणी करवंदाएवढे, साल जाड, आत बिया. मालकाने खूण केली तसा एक मणी तोंडात टाकला. साखर आधी लागली, मग सालीचा तुरटपणा दाढांवर बसला आणि बराच वेळ गेला नाही.

अशा वेलीला फळ थोडेच येते. मुळे खोल गेलेली असतात, पाणी कमी लागते, एकेका मण्यात रस दाटून येतो. बागायतदाराच्या हिशेबात मात्र थोडे फळ म्हणजे थोडे पैसे. म्हणून या वेलींच्या मानेवर वेळोवेळी कुऱ्हाड आलेली आहे. कीड बाहेर ठेवता येते, माणसांचे काय?

पहिल्या महायुद्धात इंग्लंड विरुद्ध जर्मनी असा सामना झाला आणि बरोसातल्या ज्या लोकांची तिसरी पिढी तिथे जन्मली होती ते एका रात्रीत परके ठरले. काहींना छावणीत ठेवले गेले. १९१७ मध्ये लुथरन शाळा बंद करण्यात आल्या. त्याच वर्षी कायदा झाला आणि ६९ गावांची, ठिकाणांची जर्मन नावे पुसली गेली. हानडॉर्फचे अँबलसाइड झाले. लांगमाइलचे बिल्यारा झाले. कैसरस्टूल डोंगराला किचनरचे नाव मिळाले. हिंदुस्थानचा सरसेनापती होता तोच हा किचनर. आणि क्लेमझिगला नाव दिले गाझा, तिकडे पॅलेस्टाइनमध्ये झालेल्या लढाईच्या स्मरणार्थ. काही नावे १९३५ मध्ये परत मिळाली. मधल्या काळात या माणसांनी काय केले? छाटणी केली, घड तोडले, रविवारी आपल्या चर्चमध्ये गेली. घरात जर्मन बोलत राहिली. वेली कुणाच्या नावाने ओळखल्या जातात हे वेलींना ठाऊक नसते, हे एक बरे.

तोवर वाईनचीही नावे उसनीच होती. एकोणिसाव्या शतकापासून ऑस्ट्रेलियाचा माल ‘बरगंडी’, ‘क्लॅरेट’, ‘पोर्ट’, ‘शेरी’ अशा युरोपातल्या गावांच्या आणि मद्यांच्या नावांनी विकला जाई. १९६० च्या आधी तिथे बनणारी बहुतेक वाईन ब्रँडी मिसळून गोड व कडक केलेली असे. अशा वाईनचा एक नमुना सेपेल्ट्सफिल्डला आहे. १८७८ मध्ये योसेफचा मुलगा बेनो याने आपल्या उत्तम पोर्टचे एक पीप बाजूला काढले आणि सांगितले, शंभर वर्षे याला हात लावायचा नाही. दर वर्षी एक पीप तसेच ठेवले गेले. १९७८ मध्ये पहिले उघडले, आणि तेव्हापासून दर वर्षी शंभर वर्षांपूर्वीचे एकेक उघडते. मी तिथे गेलो तेव्हा १९१९ ची पाळी होती. त्या गावाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी खजुरीसारख्या ताडांची रांग आहे. १९३० च्या मंदीत मजुरांना कामावरून काढू नये म्हणून त्यांच्याकडून ही झाडे लावून घेतली. मंदीत मालक झाडे लावत होता, हे वाचून मी गाडी थांबवायला सांगितली.

आपल्या नावाने उभी राहणारी वाईन घडवली ती याच खोऱ्यातल्या एका पोराने. मॅक्स शुबर्ट, जन्म १९१५, जर्मन घराण्यातला. पेनफोल्ड्समध्ये तो निरोप्या म्हणून लागला आणि मुख्य वाईनकार झाला. १९५० मध्ये कंपनीने त्याला युरोपात धाडले. बोर्दोमध्ये वर्षानुवर्षे मुरणारी वाईन त्याने चाखली आणि परत येऊन १९५१ मध्ये शिराझची तशी वाईन करायला घेतली. नाव ठेवले ग्रेंज. जाणत्यांना ती चाखवली तर हसू झाले. एकाने म्हटले, यात रानफळे आहेत आणि चिरडलेल्या मुंग्या आहेत! १९५७ मध्ये वरून हुकूम आला, हे बंद करा. शुबर्टने बंद केले नाही. तीन हंगाम त्याने गुपचूप, तळघराच्या अंधारात पिपे भरून ठेवली. इतक्यात पहिल्या वर्षांचा माल मुरला होता. पुन्हा चाखल्यावर मालकांचे मत बदलले आणि १९६० मध्ये हुकूम मागे घेतला गेला. १९६२ मध्ये सिडनीच्या स्पर्धेत १९५५ च्या ग्रेंजला सुवर्णपदक मिळाले. आज ती ऑस्ट्रेलियाची सर्वांत मानाची वाईन समजली जाते. गंमत पाहा, तिच्याही नावाला ‘हर्मिटेज’ हे फ्रेंच डोंगराचे शेपूट होते. ते १९९० च्या हंगामापासून गळले. १९९४ मध्ये युरोपीय समुदायाशी करार झाला आणि बाकीची उसनी नावेही एकामागून एक परत गेली.

मोठी परीक्षा पुढेच होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लोकांना पांढरी वाईन हवीशी झाली, काळी शिराझ पडून राहू लागली. बरोसातल्या एका मोठ्या वायनरीच्या मालकांनी आपल्या वाईनकाराला सांगितले, यंदा शेतकऱ्यांची द्राक्षे घ्यायची नाहीत. त्या वाईनकाराचे नाव पीटर लेमन. त्याने शेतकऱ्यांना तोंडी शब्द दिलेला होता, आणि त्या खोऱ्यात सौदा तोंडीच चाले. त्याने नोकरी पणाला लावली, पैसे उभे केले आणि १९७९ मध्ये स्वतःची कंपनी काढून द्राक्षे घेतली. एका नाटकातल्या जुगाऱ्याचे नाव त्याने त्या कंपनीला दिले. बाटलीवर पुढे किलवरची राणी आली. जुगारच होता तो.

तरी १९८५ मध्ये सरकारनेच योजना आणली: वेली उपटा, पैसे घ्या. दोन वर्षे ट्रॅक्टरने खोडे उपसली गेली, ढीग करून जाळली गेली. शंभरी ओलांडलेल्या बागा त्यांत गेल्या. ज्या बागेत मी उभा होतो तिचा मालक तेव्हा तिशीत होता. तो म्हणाला, कागद स्वयंपाकघराच्या टेबलावर आठवडाभर पडून होता, आईने सही करू दिली नाही. मी विचारले, का? तो म्हणाला, काही कारण नव्हते. त्याच सुमारास रॉबर्ट ओकॅलहनसारख्या काही छोट्या वाईनकारांनी म्हाताऱ्या वेलींच्या द्राक्षांना बाजारभावापेक्षा जास्त दाम द्यायला सुरुवात केली. त्या जादा दामाने उरलेल्या वेली वाचल्या. २००९ मध्ये बरोसाने या वेलींची सनद केली. पस्तीस वर्षांच्या वर ‘जुनी’, सत्तरच्या वर ‘वाचलेली’, शंभरीनंतर ‘शतायुषी’ आणि सव्वाशेच्या पुढे ‘पूर्वज’. उपटायला अनुदान मिळत होते, त्याला चोवीस वर्षांत ही पदवी मिळाली.

दुपारी भाच्याने मला चव घेण्याच्या जागी नेले. बागेलाच लागून दुकान असते, उभे राहून थोडे थोडे चाखायचे. रंग पाहायचा, पेला हलवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा. जाणकार मंडळी तो थुंकून टाकतात, त्यासाठी भांडे ठेवलेले असते. भाच्याने माझी अडचण सांगितली. काउंटरमागच्या बाईंना त्यात काही नवल वाटले नाही. “मग नाकाने पाहा,” त्या म्हणाल्या, “निम्मे काम नाकाचेच असते.” आणि आतून त्यांनी त्या सकाळच्याच द्राक्षांचा, अजून न आंबलेला रस पेलाभर आणून दिला. तो मी आनंदाने प्यालो.

पहिला वास शेजारच्या ईडन खोऱ्यातल्या रिस्लिंगचा, पांढरी वाईन. नव्या बाटलीला लिंबाचा स्वच्छ वास. जुनी बाटली पुढे आली तशी मी पटकन म्हणालो, रॉकेल! भाचा ओशाळला. बाई खूष झाल्या. मुरलेल्या रिस्लिंगची तीच खूण, म्हणाल्या. मग शिराझ. जांभळाचा वास, चामड्याचा, आणि मागे मिरीचा. मिरी मला भास वाटली. पण २००८ मध्ये अ‍ॅडलेडच्याच वाईन संशोधन संस्थेने या वासाचे द्रव्य शोधून काढले आहे. त्याचे नाव रोटंडोन, आणि आपल्या काळ्या मिरीच्या वासाचेही द्रव्य तेच. पाचांतल्या एका माणसाला म्हणे तो वास येतच नाही. माझे नाक चौघांतले निघाले.

बाकीचे प्रदेश मी पाहिले नाहीत, त्यांच्याविषयी वाचले. प्रत्येकाची कुळकथा निराळी. सिडनीच्या उत्तरेच्या हंटर खोऱ्यात पाऊस ऐन तोडणीत येतो म्हणून सेमियों द्राक्ष लवकर तोडतात. त्याची पाणचट वाटणारी वाईन दहा वर्षांनी भाजलेल्या पावाचा आणि मधाचा वास देते. कूनावारा म्हणजे चुनखडीवरच्या लाल मातीची पंधरा किलोमीटर लांबीची चिंचोळी पट्टी. तिथे कॅबर्ने सोव्हिन्यों. पट्टीची हद्द कुठे संपते यावर वर्षानुवर्षे खटला चालला. बांधाची भांडणे सगळीकडे सारखीच. पश्चिम किनाऱ्यावरच्या मार्गारेट रिव्हरमध्ये तर १९६७ पर्यंत नाव घ्यावे अशी बाग नव्हती. जॉन ग्लॅडस्टोन्स या शास्त्रज्ञाने हवामानाचे आकडे मांडून सांगितले की इथली हवा बोर्दोसारखी आहे, आणि पर्थच्या टॉम कलिटी या डॉक्टरने ते मनावर घेतले.

आणि मरी नदीकाठचे मिल्ड्युरा. तिथे १८८७ पासून चॅफी बंधूंनी कालव्याच्या पाण्यावर बागा फुलवल्या. त्यांना बोलावणारा आल्फ्रेड डीकिन पुढे देशाचा पंतप्रधान झाला. त्याने हिंदुस्थानातले कालवे पाहून त्यांच्यावर पुस्तकही लिहिले. मिल्ड्युराचे मुख्य द्राक्ष सुलताना, म्हणजेच आपले थॉमसन सीडलेस. त्याच्यातूनच आपली तास-ए-गणेश निघाली. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून बेदाणा करायची जी रीत तासगावात चालते, तिला आपले लोक ‘ऑस्ट्रेलियन पद्धत’ म्हणतात. लहानपणी मी हा शब्द शेडवर ऐकायचो तेव्हा ते एखाद्या औषधाचे नाव असावे असे वाटे.

आज तिथे पुन्हा कठीण दिवस आहेत. नोव्हेंबर २०२० पासून चीनने ऑस्ट्रेलियन वाईनवर २१८ टक्क्यांपर्यंत जकात बसवली. ती मार्च २०२४ मध्ये उठली, पण तोवर टाक्या तुंबल्या होत्या आणि काळ्या द्राक्षांचे भाव कोसळले होते. रिव्हरलँड, ग्रिफिथ या पाटपाण्याच्या प्रदेशांत हजारो एकर वेली उपटल्या गेल्या. डिसेंबर २०२२ पासूनच्या करारानुसार भारताने पाच डॉलरवरच्या बाटलीची जकात दीडशे टक्क्यांवरून शंभरावर आणली, पण चीनची जागा भरून काढण्याइतके आपले गिऱ्हाईक मोठे नाही.

मी परत आलो तेव्हा मनात ती कंबरेएवढी खोडे होती. घरी आलो तर भाईंनी वडिलांची अर्धा एकर बाग काढायची ठरवलेली. अवकाळी पावसाने लागोपाठ तीन हंगाम गेले होते, औषधांची उधारी थकली होती. मी त्यांना बरोसाची सगळी हकिकत सांगितली. आउरिख्ट सांगितला, लेमन सांगितला, सही न करू देणारी ती आई सांगितली. भाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “त्या लोकांना जास्त भाव देणारा कुणी तरी भेटला. आपल्याला कोण देणार? तू देतोस?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिथल्या वेली नुसत्या जिव्हाळ्याने जगल्या नाहीत. कुणी तरी पट्टी भरली, कुणी नोकरी घालवली, कुणी दोन पैसे जास्त मोजले. राखणीला किंमत पडते आणि ती दर पिढीत कुणाला तरी द्यावी लागते, हे मी सांगितलेल्या गोष्टीतच होते. भाईंना ते माझ्या आधी कळले.

बाग गेली. विहिरीकडची एक ओळ मात्र आम्ही ठेवली आहे. तिचा खर्च माझ्याकडे. ऑक्टोबरात छाटणीला मी जातो. वडिलांची कात्री अजून चालते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)